इंदूर रेल्वे पाहिजे, पण जमीन कोणाची? सक्तीचं भूसंपादन कधी योग्य म्हणायचं

बुराईकाठचा (धागाकर्ता)

मनमाड-इंदूर रेल्वेला केंद्राच्या मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. ३०९ किलोमीटर, खर्च १८ हजार कोटींच्या वर. धुळ्याला आजवर चाळीसगावहून येणारा एक फाटा तेवढा आहे, तिथंच रूळ संपतात. म्हणून या गाडीसाठी आपल्याकडे दोन पिढ्यांनी निवेदनं दिली, रास्ता रोको केले, आणि पुढाऱ्यांनी त्यावर निवडणुका काढल्या. आता मोजणीची वेळ आली तर त्याच गावांमध्ये दोन तट पडलेत. एक तट म्हणतो रेल्वे पाहिजे. दुसराही म्हणतो पाहिजे, पण माझ्या गटातून नको.

माझं म्हणणं सांगतो, मग सोला मला.

कामाला दुसरी जागाच नसेल तिथंच सक्ती चालावी. रूळ, कालवा, महामार्ग ही सरळ रेघेची कामं. मधला एक जण हटून बसला तर पुढचं मागचं सगळं वाया. तिथं सरकारनं जमीन घ्यावी, याला माझी ना नाही. कारखान्याचं तसं नाही. सौर प्रकल्पाचं तर मुळीच नाही, ऊन काय एका गटात पडतं का? या गावात जागा नाही मिळाली तर पुढच्या गावात मिळेल. तिथं कलेक्टरच्या सहीनं जमीन काढून कंपनीच्या हातात द्यायचं कारण काय? ज्याला पाहिजे त्यानं बांधावर येऊन भाव करावा, जसा व्यापारी कापसाचा करतो.

आणि सक्ती केलीच, तर पैसा खात्यावर आल्याशिवाय जेसीबी वावरात उतरू नये. ज्या कामासाठी घेतली ते काम झालं नाही तर जमीन मूळ मालकाला परत. २०१३ च्या कायद्यात कलम १०१ आहे. पाच वर्षं जमीन न वापरता पडली तर ती मूळ मालकाला किंवा वारसांना परत द्यायची, नाहीतर राज्याच्या भूमी बँकेत टाकायची. दोन्हींपैकी कोणतं ते सरकारच ठरवणार. मग सरकार काय ठरवणार, ते सांगायला ज्योतिषी नको.

आमच्या भागात उद्योगासाठी म्हणून घेतलेल्या एका पट्ट्यावर आज तारेचं कुंपण आहे आणि आत बाभळी माजल्यात. कुंपणाच्या आत एक बांधीव विहीर. तिचा जुना मालक मेंढरं घेऊन बाहेरून जातो, आतलं पाणी वरून दिसतं, पण पाजता येत नाही.

विखरण तर आपल्याच शिंदखेडा तालुक्यातलं. औष्णिक वीज प्रकल्पासाठी म्हणून जमिनी घेतल्या, नंतर तिथं सौर प्रकल्प ठरला. धर्मा पाटील यांच्या पाच एकरांच्या बागेला चार लाखांच्या घरात मोबदला आणि शेजारच्याला कितीतरी पट. ऐंशी ओलांडलेला माणूस कचेऱ्यांचे उंबरे झिजवून शेवटी जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतो आणि सहा दिवसांनी जातो. त्यानंतर फेरमूल्यांकन होतं, म्हणजे करता येत होतं.

बोला.

---

हतनूर उजवा

जिभाऊ, राम राम. अर्धं पटलं, अर्धं नाही. न पटलेलं आधी सांगतो.

मी रावेर तालुक्यातला, केळीवाला. हतनूर धरण १९८२ च्या सुमाराचं. त्यात आमच्याच नातेवाइकांची गावं उठली. त्या धरणावर दीपनगरचं वीज केंद्र, वरणगावची आयुध निर्माणी आणि कितीतरी गावांची पिण्याच्या पाण्याची सोय आहे. कालवा यावल-चोपड्याकडे जातो आणि त्याच्या पाझरानं विहिरींना पाणी टिकतं. आज कोणी म्हणेल का हतनूर नको होतं? ज्यांची गावं गेली त्यांची नातवंडंसुद्धा नाही म्हणणार. कोणाचं तरी जाणार, याशिवाय काहीच उभं राहत नाही.

आता कारखान्याचं. बांधावर येऊन भाव करा म्हणणं सोपं. २०० एकर सलग जागा पाहिजे. त्यात निदान १०० गट. एकेका सातबाऱ्यावर बारा नावं, त्यातली चार मेलेली, वारस नोंद नाही. दोन बहिणी सुरतला, एक नाशिकला, हक्कसोड झालेली नाही. एक भाऊ दुसऱ्याशी बोलत नाही. कुठला उद्योगपती इतक्या उंबऱ्यांवर फिरेल? तो सरळ चाकणला जाईल नाहीतर गुजरातला. आणि आपली पोरं त्याच्या मागं सुरतला. तुमच्या नियमानं शेतकरी वाचेल, त्याच्या पोराचं काय?

आणि एक. बांधावर उद्योगपती येत नाही, दलाल येतो. त्याला रेघ आपल्या आधी कळलेली असते. तुमच्याकडून पाच लाखाला घेणार आणि निवाड्यात स्वतः वीस घेणार. सक्तीच्या संपादनात निदान कायद्याचं गणित तरी लागतं, दिलासा रक्कम मिळते, आयकर लागत नाही. दलालाच्या पैशाला कोणतं कलम लागतं?

---

पुण्यात अडकलेला चोपडेकर

दलाल म्हणजे कोण हो आबा? आमच्याकडे त्याला 'कार्यकर्ता' म्हणतात.

---

हतनूर उजवा

😂 बरोबर. पण दादा, तू पुण्यात अडकलास तो का? चोपड्यात काम असतं तर अडकला असतास का?

---

निवृत्त मोजणीदार

मी भूमी अभिलेखमध्ये नोकरी केली. संयुक्त मोजणीला कितीदा उभा राहिलो याचा हिशोब नाही. तुम्ही कायदा बोलताय. जमीन कायद्यात जात नाही, पंचनाम्यात जाते. कसं ते सांगतो.

नोटीस येते, तारीख कळते. त्या दिवशी वावरात सात-आठ माणसं. आमचा माणूस मशीन घेऊन, तलाठी, कृषी खात्याचा, ज्याच्यासाठी जमीन घ्यायची त्याचा इंजिनिअर, आणि मालक. मालक बहुतेक वेळा चहा आणायला गेलेला असतो, पाहुणे आलेत म्हणून. तेवढ्यात पंचनामा भरला जातो. आंब्याची झाडं किती, वय किती? दहा वर्षांचं झाड 'पाच' लिहिलं तर किंमत कुठल्या कुठं. विहीर बांधीव की कच्ची? पाइपलाइन जमिनीखाली असते, दिसत नाही, म्हणून लिहीत नाहीत. पावती दाखव म्हणतात. वीस वर्षांपूर्वीच्या पाइपची पावती कोण ठेवतो? मग सातबारा पाहतात. वावरात केळी उभी, पीकपेऱ्यात ज्वारी. कारण पोरानं ई-पीक पाहणी केलीच नाही, तलाठ्यानं मागच्या वर्षीचं पुढं ओढलं. झालं, बागायत जिरायत झाली. शेवटी मालक येतो, चहा देतो आणि सही करतो.

माझं शेतकऱ्यांनाही सांगणं आहे, राग मानू नका. बाजारभाव काढताना आधीच्या तीन वर्षांतली त्या भागातली खरेदीखतं पाहतात, त्यातल्या चढ्या किमतीच्या अर्ध्या खतांची सरासरी धरतात. आपण काय करतो? व्यवहार वीस लाखांचा, खरेदीखत बारा लाखांचं, वरचे आठ पिशवीत. मुद्रांक शुल्क वाचलं म्हणून खूश. मग सरकार त्याच बारा लाखांवर बोट ठेवतं. आता म्हणायचं सरकारनं लुटलं. गावानं मिळून दहा वर्षं भाव पाडून ठेवला होता, तो कोणी पाडला?

गणितच मांडतो. हेक्टरी सरासरी २० लाख निघाली समजा. ग्रामीण भागासाठी गुणक २ धरला तर ४०. त्यावर तेवढीच दिलासा रक्कम, ८०. याला लोक 'चौपट' म्हणतात. सरासरी १२ निघाली तर तेच ४८. आणि २०२१ मध्ये राज्यानं राष्ट्रीय महामार्गांसाठी गुणक २ चा १ केला, तेव्हा २४. जमीन तीच, माती तीच.

---

फागण्याचा फाटा

चौपदरीकरणात आमची दीड बिघा गेली. पैसे मिळाले, खोटं कशाला बोलू. पण उरलेल्या वावराचे दोन तुकडे झाले, मध्ये रस्त्याचा भराव. पलीकडे जायला अंडरपास आहे, लांब. बैलगाडी घेऊन जाऊन-येऊन सकाळ जाते. शिवाय भरावानं पावसाचं पाणी अडतं. पूर्वी जे पाणी नाल्याला निघून जायचं ते आता आमच्या कपाशीत उभं राहतं. मोरी ठेवलीय, पण ती आमच्या वावरापेक्षा उंच. इंजिनिअरला दाखवलं तर म्हणतो, ड्रॉइंगमध्ये बरोबर आहे.

गेलेल्या जमिनीचा मोबदला देतात. राहिलेल्या जमिनीचं जे वाटोळं होतं त्याचंही नुकसान द्यायचं कायद्यात आहे म्हणे. आम्हाला कोणी सांगितलंच नाही. आता मुदत गेली.

---

जिभो धुळेकर

भो, आमनं वावर हायवेमा गयं. पैसा उना, टॅक्टर लिधं, पोरनं लगीन लायं. आते टॅक्टर शे, वावर नही.

---

धडगावची मास्तरीण

सगळ्यांना नमस्कार. जिभाऊ, तुमच्या पोटतिडकीबद्दल शंका नाही. पण तुमची कसोटी आमच्या डोंगरात आणून लावून पाहा.

तुम्ही म्हणता दुसरी जागा नसेल तिथं सक्ती चालेल. नर्मदेवरच्या सरदार सरोवराला दुसरी जागा होती का? धरण नदीवरच बांधतात. म्हणजे तुमच्या नियमानं ते पहिल्याच फटक्यात पास. आणि त्या धरणात आमच्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतल्या ३३ गावांवर पाणी आलं. मणिबेली पहिलं. तुमचा नियम कारखान्याच्या वेळी शेतकऱ्याला वाचवतो, आणि जिथं सगळ्यात जास्त माणसं उठतात तिथं तो सरकारच्या बाजूनं उभा राहतो. रेल्वेत एकाचं एकरभर जातं, धरणात गावच्या गाव जातं. देवाची जागा, मसणवटा, महूची झाडं, सगळं.

१९७९ मध्ये नर्मदा पाणी तंटा लवादानं निवाडा दिला. ज्याची पाव किंवा त्याहून जास्त जमीन बुडते त्याला किमान दोन हेक्टर सिंचनाखाली येणारी जमीन द्या, आणि बुडायच्या वर्षभर आधी द्या. सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब धरा. कागदावर इतकं चांगलं पुनर्वसन देशात त्याआधी कोणी लिहिलं नव्हतं. झालं काय? ज्यांच्या नावावर सातबारा होता ते यादीत आले. डोंगरउतारावर पिढ्यान्‌पिढ्या वनजमीन कसणारे 'अतिक्रमणदार'. त्यांची जमीन बुडाली, पण बुडायला त्यांच्याकडे जमीन होती हे सिद्ध करायलाच वर्षं गेली. विस्थापितांना वसवायला नव्वदीच्या सुरुवातीला तळोद्याचं जंगल मोकळं केलं, तर तिथं आधीच दुसरे भूमिहीन आदिवासी कसत होते. मग त्यांना हलवा. एक उठलेला दुसऱ्याला उठवतो. सरकार मध्ये उभं राहून म्हणतं, तुमचा आपसातला वाद आहे.

पाणी कच्छ-सौराष्ट्रात गेलं. महाराष्ट्राला विजेचा २७ टक्के वाटा. ती वीज कुठं जळते ते सांगायला नको. आणि बुडिताच्या काठावरच्या आमच्या गावांना दवाखाना येतो बोटीतून.

मी धरणाच्या विरोधात बोलत नाही. ज्याचं जातं आणि ज्याला मिळतं ती माणसं एकच नसतील तर पैशानं हिशोब बसत नाही, एवढंच म्हणते. हतनूरवाले आबा, तुमच्या नातेवाइकांची गावं गेली आणि कालवा तुमच्याच भागात आला. आमची गावं गेली आणि कालवा दुसऱ्या राज्यात. दोन्हींना एकच माप लावू नका.

---

हतनूर उजवा

ताई, तुमच्यापुढं माझं बोलणं थोडं पडतं, मान्य. तरी विचारतो. कच्छमधला माणूस पण माणूसच. त्याला प्यायला पाणी मिळालं तर ते सार्वजनिक काम नाही का? फक्त आपल्या तालुक्याचा फायदा झाला तरच जमीन द्यायची म्हटलं तर देशात एक मोठं काम होणार नाही. सुरत-भुसावळ रेल्वे टाकली तेव्हा इंग्रजांनी कोणाला विचारलं होतं? आज त्याच गाडीनं नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरची पोरं कामाला जातात.

---

धडगावची मास्तरीण

कच्छला पाणी द्या की. बदल्यात आमच्या माणसाला सिंचनाखालची जमीन द्या, बुडायच्या आधी द्या, असं लवादच म्हणाला होता. मी काय वेगळं मागते?

आणि आता पुढं ऐका. २०१३ चा कायदा लोक चांगला म्हणतात. त्यात सिंचन प्रकल्पात जमीन गेलेल्याला लाभक्षेत्रात किमान एक एकर द्यायची, तीसुद्धा 'शक्य तितपत'. अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला गेली तेवढी किंवा अडीच एकर, जे कमी असेल ते. १९७९ ला दोन हेक्टर, २०१३ ला एक एकर. आपण पुढं आलो की मागं गेलो?

---

कोर्टकचेरी

वकिली करतो, भूसंपादनाची प्रकरणं पाहतो. इथं कोणाचं प्रकरण चालवायला आलेलो नाही. थोडं कायद्याचं बोलतो, कारण धाग्यात एक मोठी गोष्ट सुटलीय.

मालमत्तेचा हक्क आता मूलभूत हक्क नाही. ४४ व्या घटनादुरुस्तीनं १९७८ मध्ये तो काढला, कलम ३००-अ मध्ये साधा घटनात्मक हक्क म्हणून ठेवला. पण 'साधा' म्हणजे किरकोळ नाही. मे २०२४ मध्ये कोलकाता महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की या एका कलमात सात गोष्टी येतात. नोटीस, म्हणणं ऐकून घेणं, कारणांसह निर्णय, फक्त सार्वजनिक कामासाठीच संपादन, योग्य मोबदला, वेळेत प्रक्रिया, आणि शेवटी प्रत्यक्ष ताबा घेऊन प्रकरण पुरं करणं. नुसते पैसे फेकले म्हणजे संपादन कायदेशीर झालं असं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठानं बहुमतानं असंही म्हटलं की प्रत्येक खासगी मालमत्ता ही 'समाजाची भौतिक संसाधनं' धरता येणार नाही.

आता जिभाऊंच्या कसोटीवर. दुसरी जागा आहे की नाही हे ठरवणार कोण? आज ते सरकार ठरवतं आणि न्यायालयं त्यात सहसा हात घालत नाहीत. रेल्वे रुळांची रेघ जरा डावीकडून गेली असती की नाही, हे न्यायाधीश नकाशा पसरून पाहत नाहीत. २०१३ च्या कायद्यात यासाठीच सामाजिक परिणामांचं मूल्यांकन होतं. बहुपीक बागायती जमीन शेवटचा उपाय म्हणूनच घ्यायची, हेही होतं. खासगी कंपनीसाठी ८० टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीच्या प्रकल्पासाठी ७० टक्के लोकांची संमती होती. पण रेल्वे आणि राष्ट्रीय महामार्ग यांचे स्वतःचे कायदे आहेत. मोबदल्याचा भाग त्यांना २०१५ पासून लागू झाला. मूल्यांकन आणि संमती लागू झाली नाही. वर महाराष्ट्रानं २०१८ मध्ये दुरुस्ती करून काही प्रकारच्या प्रकल्पांना मूल्यांकनातून सूट देण्याची वाट काढली. म्हणजे पैशाची बाजू मजबूत केली आणि 'का' विचारायची बाजू कापली.

कारखान्याच्या मुद्द्यावर मी जिभाऊंच्या बाजूचा आहे. सिंगूरमध्ये २००६ ला मोटार कारखान्यासाठी हजार एकरांच्या आसपास जमीन घेतली, कारखाना गुजरातला गेला आणि २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं जमीन शेतकऱ्यांना परत करायला लावली. अमेरिकेतही २००५ मध्ये न्यू लंडन गावातली घरं शहराच्या विकासासाठी घ्यायला तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी मान्यता दिली. घरं गेली. ज्या औषध कंपनीच्या भरवशावर आराखडा आखला ती काही वर्षांत निघून गेली आणि जागा ओसाड पडली. नंतर तिथल्या चाळीसहून जास्त राज्यांनी आपले कायदे बदलले.

---

सुरत पॅसेंजर

वकीलसाहेब, सिंगूरची जमीन परत मिळाली हे ठीक. सिंगूरच्या पोरांना कारखाना परत मिळाला का?

मी उधन्याला मशीनवर आहे, बारा तासांची पाळी. घरी दोन एकर जिरायत, तीन भाऊ. कोणी कारखान्यासाठी मागितली तर मी सकाळी सहाला कागद घेऊन दारात उभा राहीन. तुम्ही सगळे जमीन वाचवताय. ज्यांना जमीन पोसत नाही त्यांना पण विचारा.

---

बुराईकाठचा

पॅसेंजर भाऊ, तुम्हाला विकायचीच आहे तर सक्ती लागतेच कुठं? माझं म्हणणं तेच आहे. तुमच्यासारखे शंभर जण मिळाले तर कारखाना उभा राहील. ज्याला नाही विकायची त्याला पोलीस बंदोबस्तात मोजू नका.

ताईंचं म्हणणं मात्र मला अडवतंय. त्यांनी माझ्या कसोटीचं भोक दाखवलं, ते बुजवायला मला दुसरी अट आधीच्या अटीइतकीच वर आणावी लागेल. जिथं माणूस जागेवरून उठतो तिथं पैसा नाही, जमीन. आणि ती कसून पाहिल्याशिवाय पाणी सोडायचं नाही. एक हंगाम तिथं पेरून पीक घरात आलं, की मग इकडचं गाव रिकामं. यात प्रकल्प दोन वर्षं लांबेल. लांबू द्या. पाडळसे धरण किती वर्षं लांबलंय ते आपण पाहतोच आहे, तेव्हा कोणाला घाई नव्हती.

---

धडगावची मास्तरीण

एक हंगाम नाही, तीन. पहिल्या वर्षी नवी जमीन कोणालाच ओळखत नाही. आणि पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी गावांसाठीचा वेगळा कायदा लागतो तिथं, ग्रामसभेची संमती आधी, ठरावाच्या कोऱ्या कागदावर सह्या घेऊन नाही. बाकी चालेल.

---

हतनूर उजवा

जिभाऊ, शंभरातल्या पंच्याण्णवांनी दिली आणि मधोमध पाच जणांनी अडवली तर? पॅसेंजरचा कारखाना त्या पाच जणांसाठी गेला ना? कायद्यातच ८० टक्के संमती आहे, म्हणजे उरलेल्या वीसांवर सक्ती मान्य आहे. तुम्ही कायद्याहूनही कडक निघाले.

---

बुराईकाठचा

हो, निघालो. ८० टक्क्यांची संमती कशी गोळा होते ते मोजणीदार दादांना विचारा.

आणि सौर प्रकल्पाचं उदाहरण बघा. ज्या जिल्ह्यात विखरणला एवढं झालं, त्याच राज्यात आता कृषिवाहिनी योजनेत सौर प्रकल्पाला जमीन भाड्यानं घेतात. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, दरवर्षी तीन टक्के वाढ. सातबारा शेतकऱ्याचाच राहतो. पडीक जमिनीवाले अर्ज करतायत. तेव्हा कोणी म्हटलं होतं का, की सक्तीशिवाय वीज होणार नाही?

---

पुण्यात अडकलेला चोपडेकर

पुण्यात मगरपट्ट्याला शेतकऱ्यांनीच कंपनी काढली. जमिनी एकत्र केल्या, विकल्या नाहीत, आज भाडं खातायत. कलेक्टरची नोटीस कोणालाच लागली नाही.

---

हतनूर उजवा

पुण्याच्या कुशीतली जमीन आणि शिंदखेड्याची मुरमाड, दोन्हींना भाडं सारखं येईल का रे दादा? सौरचं मानलं, ते भाड्यानं होतं. पत्र्याचे पाय काढले की जमीन मोकळी. कारखान्यात काँक्रीट पडतं, यंत्रं बसतात. कंपनी दोनशे शेतकऱ्यांशी वेगवेगळे करार घेऊन बँकेत गेली तर बँक दारातच उभी करेल.

---

निवृत्त मोजणीदार

८० टक्क्यांबद्दल जिभाऊंनी विचारलं म्हणून. संमतीपत्रं छापील येतात. मी मेलेल्या माणसांच्या संमत्या पाहिल्यात. एवढंच सांगतो.

ज्यांची जमीन रेल्वेत जाणार आहे, तुम्ही कामाला लागा. सातबाऱ्यावरची मेलेली नावं काढून वारस नोंदी करून घ्या, नाहीतर पैसा निघणार नाही, भावाभावांत अडकेल. या हंगामाची ई-पीक पाहणी स्वतः करा, फोटोसकट. विहीर, बोअर, पाइपलाइन, ठिबक यांचे फोटो तारीख दिसेल असे काढून ठेवा. मोजणीच्या दिवशी चहा बायकापोरांना आणू द्या, तुम्ही बांधावरून हलू नका. पंचनामा वाचल्याशिवाय सही नाही. चुकीचा असेल तर सहीखाली 'अमान्य' लिहा आणि काय अमान्य तेही लिहा.

---

कोर्टकचेरी

दादांच्या पुढं जोडतो. रेल्वेच्या अधिसूचनेवर हरकत घ्यायला प्रसिद्धीपासून ३० दिवस असतात, राष्ट्रीय महामार्गाच्या २१. हरकत नुसती 'मोबदला वाढवा' अशी देऊ नका, ते पुढचं काम. रेघ कुठं सरकू शकते, गटाचे तुकडे कसे होतात, पाणी कुठं अडेल, मोरी कोणत्या पातळीवर पाहिजे, हे नकाशावर दाखवून लिहा. फागण्याच्या भाऊंचं जे झालं ते याच टप्प्यावर सांगायचं असतं. निवाड्याची रक्कम घ्यायची तर हरकत राखून घेतली असं लेखी द्या आणि वाढीव मोबदल्यासाठी लवादाकडे जा.

---

फागण्याचा फाटा

तुम्ही चार वर्षांपूर्वी भेटायला हवं होतं साहेब.

---

सुरत पॅसेंजर

सगळं बरोबर. पण इंदूरची गाडी सुरू झाली तर मी सुरत सोडून घरून कामाला जाऊ शकेन का, नरडाण्याच्या बाजूला काही उभं राहील का, याचं उत्तर धाग्यात कोणाकडेच नाही.

---

बुराईकाठचा

रूळ पडले की मालगाडी थांबेल, भाऊ. मालगाडी थांबली की कारखानदार स्वतः भाव विचारत येईल, आणि तेव्हा जमीन आपल्या नावावर असली पाहिजे. म्हणून रुळाला द्या म्हणतो, प्लॉटला देऊ नका म्हणतो.

---

हतनूर उजवा

आणि मी म्हणतो, दोन्हींना द्या, पण प्लॉट पाच वर्षं रिकामा राहिला तर व्याजासकट परत घ्या. कलम १०१ मधलं ते भूमी बँकेचं शेपूट कापायला लावा. त्यासाठी मोर्चा काढणार असाल तर रावेरहून दोन गाड्या भरून आणतो. कारखान्याचा मुद्दा मात्र सोडणार नाही, जिभाऊ.